करडईच्या तेलातलं इंजिन

ईरप्पा मिस्त्री वेळ विचारायचे ती दोघांना. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून बघायचे. दोन्ही तंतोतंत जुळली तर तिसऱ्याला गाठायचे, कारण पहिले दोघं आधीच बोलून आलेले असू शकतात. मिलचा भोंगा तर ते धरतच नसत. "भोंगा वाजवणारा बी माणूसच की," म्हणायचे.

चहाचा कप आला की आधी उजेडात धरून बघायचे. पाना खाली ठेवला की त्यावर फडकं टाकायचे. काढलेला बोल्ट हुंगायचे, पुसायचे आणि ज्या भोकातून निघाला त्या भोकाशेजारीच दोऱ्याने बांधून ठेवायचे. इंजिन ऐकताना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला आणि डोळे गिऱ्हाइकावर. मोजायचे कानडीतून. कुणी ऐकतंय असं वाटलं की आकडा सोडून द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, ह्या वेळी ओठ न हलवता. कमरेच्या करदोट्याला एकच किल्ली असायची. ती आंघोळीलाही सुटत नाही, असं त्यांची बायको चंद्रव्वा सांगायची.

कुंडलिकला हे सगळं पाठ झालं होतं. ईरप्पांवर नजर ठेवायची, हेच त्याचं काम होतं.

कुंडलिक मंद्रूपचा. सोलापूरच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झाला आणि घरी बसला. त्याचे चुलते आबासाहेब साखर कारखान्याचे संचालक. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली जीप होती. चारही चाकांनी ओढणारी, चिखलातून म्हशीसारखी निघणारी. पण पेट्रोल भडकलं त्या वर्षी ती दारात उभी राहिली. "बैल उभा असला तर वैरण खातो. ही उभी असली की माझी अब्रू खाती," असं आबासाहेब म्हणायचे.

होटगी रस्त्यावरचे ईरप्पा मिस्त्री जीपचं पेट्रोल इंजिन काढून तिथं डिझेलचं बसवतात, हे त्यांच्या कानावर आलं. डिझेल कितीतरी स्वस्त. कारखान्याच्या पाच-सहा जीपा ऊसपाहणीसाठी फिरायच्या, त्यांचंही हेच दुखणं होतं. आबासाहेबांनी ईरप्पांना शब्द दिला. आधी माझी गाडी. ती जमली आणि तुझा हात स्वच्छ दिसला, तर कारखान्याच्या सगळ्या तुझ्याकडं.

हात स्वच्छ, हे त्यांनी उगाच घातलं नव्हतं. गाडी मिस्त्रीकडे टाकली की तिच्याबरोबर घरचं एक माणूस राखणीला बसवायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. न बसवलं तर चांगला डायनामो जातो आणि कुणाचा तरी मेलेला येतो. निदान सगळे तसं म्हणतात. आबासाहेबांच्या घरात रिकामं माणूस एकच होतं.

"तुझं शिक्षण झालंय," आबासाहेब म्हणाले. "डोळं उघडं ठेवायला तेवढं बास हाय."

पहिल्या दिवशी ईरप्पांनी त्याला पायापासून वर बघितलं.

"राखणीला आलास?"

"व्हय."

"पिकाची राखण पाखरापासनं करत्यात. हितं पाखरू कोण?"

कुंडलिक जीपकडे बघत राहिला.

"काय शिकलास?"

"बी.ए."

"बस, बीए. पण सावलीत बसू नको. सावलीत डोळा लागतोय. तुझा डोळा लागला की आळ माझ्यावर." आणि त्यांनी स्वतः लाकडी स्टूल उचलून अशा जागी ठेवलं, जिथून जीप, हत्यारांचं फळकूट आणि स्वतः ईरप्पा एकाच वेळी दिसावेत. कुंडलिकने त्याचाही संशय घेतला. चोर स्वतःहून उजेडात उभा राहतो तेव्हा लपवण्यासारखं मागे असतं, असं त्याला वाटलं. मागे खरंच एक पत्र्याची खोली होती. कुलूपबंद.

काम सुरू झालं. अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला साखळीची कप्पी होती. तिच्यावर जीपचं इंजिन वर आलं तेव्हा ते केवढंसं दिसलं. इतकं पेट्रोल प्यायला त्यात जागा कुठं होती, असं कुंडलिकला वाटलं. त्याच्या जागी बसायचं होतं ते पुण्याच्या भंगारातून आणलेलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, लांबीला जास्त आणि वजनाला दीडपट. ईरप्पांनी रेडिएटर पुढे सरकवला. वजन पेलावं म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. गिअरपेटी जीपची, इंजिन परक्या जातीचं. दोघांच्या मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते, ती करण्यातच निम्मे दिवस गेले.

"ही प्लेट म्हंजे सोयरीक," ईरप्पा म्हणाले. "केसभर हुकली की जल्मभर खडखड."

पहिली प्लेट केसभर हुकलीच. ईरप्पांनी आधी कानस बदलली कुणी ते चंद्रव्वाला विचारलं, मग लेथवाल्याला शिव्या दिल्या, मग प्लेट भिंतीला लावून ठेवली आणि दुसरी घेतली. फेकली नाही. ते काहीच फेकत नसत.

निघालेलं पेट्रोल इंजिन मागच्या खोलीत गेलं आणि किल्ली करदोट्याला परत आली. कुंडलिकने ते बघितलं. संध्याकाळी मंद्रूपच्या गाडीत बसेपर्यंत तो त्याचाच विचार करत होता. आबासाहेबांनी ते इंजिन मागितलं नव्हतं, ईरप्पांनी देऊ केलं नव्हतं. असं निघालेलं इंजिन बाकीचे मिस्त्री भंगारात घालतात आणि मालकाच्या हातावर काहीतरी टेकवतात. इथं कुणी काही बोललंच नाही.

मग अमावस्या आली. अमावस्येला आपल्याकडे कुणी नवं काम धरत नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधतात आणि गप्प बसतात. ईरप्पांनी दुपारी सगळ्यांना घालवलं. लेथवाल्याकडचा पोऱ्या गेला. कुंडलिक स्टुलावरच होता.

"ऊठ, बीए. आज राखण बंद."

"गाडी हितंच हाय की."

"चावी घेऊन जा. पायजे तर चाकं बी ने."

तो बाहेर गेला आणि कुंपणाला टेकून उभा राहिला. पत्र्याच्या खोलीचं कुलूप निघाल्याचं ऐकू आलं. मग लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज. मग एक लांब, ओला कण्हल्यासारखा आवाज. मग थोडी शांतता. मग पुन्हा तेच, जरा वेगळ्या सुरात.

दुसऱ्या दिवशी सायकलवरून घाण्याचं करडईचं तेल आलं. डबाभर. दोन माणसांचं घर, पोरबाळ नाही. चंद्रव्वाची आमटी तर कुंडलिक रोज खायचा. तिच्यात तेलाचा ठिपका शोधावा लागायचा.

"मावशी, एवढं तेल कुटं जातंय?"

"त्यांनाच इचार की. माझ्या कढईत तर येत न्हाय."

कुंडलिकने घरी सगळं सांगितलं. आबासाहेबांनी सुपारी कातरत ऐकलं.

"आवाज येतोय म्हंजे खोलतोय. खोलतोय म्हंजे इकतोय."

"आन तेल?"

"तेल लावून चकचकीत करून इकतोय."

कुंडलिकला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

जीप तयार झाली. आवाज ट्रकसारखा, धूर रेल्वेसारखा, पण एका टाकीत ती आठवडाभर फिरली. आबासाहेब खूश झाले, म्हणजे त्यांनी एकच तक्रार केली. गाडीला पूर्वीची उडी राहिली नाही, म्हणाले. त्यावर ईरप्पांनी खोलीतून एक वस्तू आणून दाखवली. उजनीच्या धरणावर मोठाली मातीची यंत्रं चालायची, त्यातल्या एका मोडक्या डंपरचा टर्बो. लोखंडी गोगलगाईसारखा. आत दोन पंखे, एकाच दांड्यावर. बाहेर जाणारा धूर एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो, आणि इंजिनाची ताकद वाढते.

"मग बसव की," आबासाहेब म्हणाले.

"हत्तीची सोंड हाय ही. शेळीला लावली तर शेळी उलथी पडंल." ईरप्पांनी बोटाने पंखा फिरवला. "आन मला ह्याचं पटत बी न्हाय. धूर फुकट, हवा फुकट, ताकद फुकट. फुकट कोण देतंय? कुटंतरी वसूल करत असणार."

आबासाहेब हसले आणि गेले. कारखान्याच्या जीपांचं लौकरच ठरवू, म्हणाले.

राखण संपली. पण कुंडलिक येत राहिला. नोकरी नव्हती आणि स्टूल अजून तिथंच होतं. ईरप्पांनीही ते उचललं नव्हतं. तो फडकी पिळायला लागला, मग पाने द्यायला लागला. मिस्त्रीचं अण्णा कधी झालं ते त्याला कळलं नाही. आणि तरी खोलीचा संशय तसाच होता, दातात अडकलेल्या धाग्यासारखा. पुढच्या एका अमावस्येला ईरप्पांनी ऊठ म्हणायच्या आत तो म्हणाला, "अण्णा, आत काय करता तुमी? आबा म्हणतोय, तुमी इंजिनं इकता."

ईरप्पांनी हातातला पाना खाली ठेवला आणि त्यावर फडकं टाकलं.

"तोंडावर इचारलंस," ते म्हणाले. "आजवर लोकांनी पाठीमागंच इचारलं." आणि कमरेला हात घालून किल्ली काढली.

खोलीत रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर इंजिनं बसली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत. प्रत्येकावर पोत्याचा तुकडा, प्रत्येकाच्या शेजारी डब्यात त्याचे बोल्ट. ईरप्पांनी एकेक पोतं उचललं आणि ओळख करून दिली, जशी पंगतीत पाहुण्यांची करून देतात. हे जेऊरच्या डॉक्टराचं. हे अक्कलकोटच्या कंत्राटदाराचं. हे आबासाहेबाचं.

तरुणपणी ईरप्पा विजापूर वेशीतल्या एका गॅरेजात कामाला होते. एका गाडीचा कार्बुरेटर हरवला. मालकाने भर रस्त्यात ईरप्पांची पिशवी उपडी केली. भाकरी मातीत पडली. कार्बुरेटर नंतर त्या मालकाच्याच घरी सापडला, पण ते सांगायला तो परत आला नाही. तेव्हापासून ईरप्पांनी ठरवलं. गाडीतून जे निघेल ते जपायचं. उद्या कुणी विचारलं, तर त्याच्या पुढ्यात ठेवायचं. नुसतं ठेवायचं नाही, फिरवून दाखवायचं.

म्हणून दर अमावस्येला प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडायचं आणि हँडल लावून प्रत्येक इंजिनाला फेरा द्यायचा. नाहीतर पिस्टन आतल्या आत गंजून बसतात.

"पण करडईचं तेल?" कुंडलिकने विचारलं.

"आधी इंजिन-आईलच घालत हुतो. महाग झालं तसं दुकानवाले जळकं तेल गाळून डब्यात भराय लागले. वर शील, आत घाण. आता कुणावर इश्वास टाकू? घाणा माझ्या मावसभावाचा हाय. मी उभा राहून काढून घेतो. माझ्या डोळ्यांदेखत निघालेलं तेवढंच तेल खरं."

दारातून चंद्रव्वा म्हणाली, "ते माणसाच्या पोटासाठी असतंय. लोखंडाच्या न्हाय."

"पोटाला चालतंय, ते लोखंडाला का न्हाय?"

"डब्याच्या बुडाला हात लावून बघा की. कसं चिकटतंय. माझा बाप हेच तेल कढवून चामड्याच्या मोटंला लावायचा, पाणी गळू नये म्हणून."

"तू भाकरी कर जा."

"भाकरी करायला जागा कुटं हाय? ही खोली हुती सैपाकाची," चंद्रव्वा कुंडलिकला म्हणाली. "मी पावसाळ्यात व्हरांड्यात चूल मांडती. ह्यांच्या पाव्हण्यांना मातूर पत्रा हाय."

कुंडलिक त्या दिवशी चालत एस्टी स्टँडवर गेला. एका माणसाने आपल्या खरेपणाचा पुरावा टनावारी साठवला होता, आणि तो मागायला कुणीच येत नव्हतं. घरी त्याने सांगितलं, इंजिन जागेवर आहे. आबासाहेबांनी विचारलं, "तुला काय दिलं त्यानं?"

उन्हाळ्यात ईरप्पांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, पायात बळ नाही. अमावस्या जवळ आली तसे ते खाटेवर तळमळायला लागले. चंद्रव्वाने किल्ली मागितली, ती त्यांनी दिली नाही. शेजाऱ्याचा मुलगा तयार होता, त्याला तर नाहीच नाही. शेवटी कुंडलिकला जवळ बोलावलं, करदोट्याची गाठ सैल केली आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. ठेवून झाल्यावरही बोटं तिच्यावरच होती.

"तेल घाल, फेरा दे, कुलूप लाव. लावल्यावर ओढून बघ. ओढल्यावर परत ओढून बघ."

कुंडलिकने तसंच केलं. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखी आग होती. इंजिनं जड गेली. आबासाहेबांचं सगळ्यांत जड. तो येऊन म्हणाला, "अण्णा, घट्ट फिरतंय."

"तेल वाढीव घाल."

पुढच्या अमावस्येला त्याने वाढीव घातलं. तरी आणखी जड. त्याच्या पुढच्या वेळी आबासाहेबांचं इंजिन फिरलंच नाही. हँडलवर त्याने दोन्ही पाय उचलून जीव टाकला. हातांना फोड आले. ते फोड त्याने ईरप्पांना दाखवले.

"बीएचे हात," ईरप्पा म्हणाले. "मी उठलो की बघतो."

ते उठले, भिंतीला धरून अंगणात आले, त्याच आठवड्यात आबासाहेबांची जीप दारात थांबली. ते एकटेच होते. बसले नाहीत.

"ईरप्पा, होटगीला एक जीप ऐकली मी."

"ऐकली?"

"पुढनं गेली. दिसली न्हाय नीट, पण ऐकली. आवाज माझ्या इंजिनाचा."

"इंजिनाला आवाज असतोय, आबासाहेब. नाव नसतंय."

"किती वर्सं माझ्या बुडाखाली वाजलंय ते. घरच्या माणसाचा आवाज चुकंल एकवेळ, त्येचा न्हाय. बोर्डाची मीटिंग हाय. जीपा तुला द्याव्या असं मी म्हणणार हाय. त्येच्या आधी मला माझं इंजिन दाव."

कुंडलिकला वाटलं, ईरप्पा चिडतील. ते हसले. त्यांना हसताना तो पहिल्यांदाच बघत होता. कुणीतरी अखेर विचारायला आलं होतं. ह्याच एका दिवसासाठी त्यांनी चूल व्हरांड्यात घालवली होती. त्यांनी कुलूप काढलं, पोतं उचललं, फडक्याने नंबर पुसून दाखवला आणि हँडल आबासाहेबांच्या हातात दिलं.

"तुमच्याच हातानं मारा."

आबासाहेबांनी मारलं. हँडल हललं नाही. त्यांनी धोतर खोचलं आणि पुन्हा मारलं. मग ईरप्पांनी घेतलं. काविळीने गळालेला माणूस हँडलला लोंबकळला. इंजिन स्लीपरवरून सबंध सरकलं, पण आतलं काही फिरलं नाही. वेल्डिंग केल्यासारखं.

आबासाहेबांनी पोत्याला हात पुसले.

"माझं फिरत हुतं, ईरप्पा," ते हळू म्हणाले. "तुझ्याकडं आलं तवा फिरत हुतं."

"नंबर बघा तुमी. नंबर तोच हाय."

"नंबर ठोकता येतोय. आतला माल कुटं गेला ते सांग." ईरप्पा फडक्याने नंबर पुन्हा पुसायला लागले. आबासाहेबांनी खोचलेलं धोतर सोडलं. "जीपांचं आता दिवाळीनंतर बघू. तोवर हे फिरवून दाव. न्हायतर दुसरा मिस्त्री हाय शहरात."

जीप गेली. तिचा आवाज होटगी रस्त्यावर बराच वेळ ऐकू येत होता. ईरप्पा खोलीच्या उंबऱ्यावर बसले. त्यांनी कुंडलिककडे बघितलं, तसं, जसं पहिल्या दिवशी बघितलं होतं.

"किल्ली तुझ्याकडं हुती."

"व्हय, अण्णा."

"काय घातलंस आत?"

"तुमी सांगितलेलं तेल."

"आन काय?"

"आन काय न्हाय."

"हितं तुला धाडलं कुणी हुतं? त्येनंच की. आधी धाडला राखणीला. मग ठिवला मैतर करून. मग किल्ली." ईरप्पांचा आवाज चढला नव्हता. ते जोड जुळवत होते, गिअरपेटीला प्लेट जुळवतात तसे, आणि प्रत्येक भोक दुसऱ्या भोकासमोर येत होतं. "तोंडावर इचारलंस तवाच मला कळायला पायजे हुतं. एवढं खरं कोण बोलतंय?"

कुंडलिक उभा राहिला. चंद्रव्वा व्हरांड्यातून काहीतरी म्हणाली, ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. त्याने खिशात हात घातला. किल्ली त्याने कधीच परत केली होती, हे आठवलं. मग तो निघाला.

पावसाळा गेला. त्याला गावाजवळच्या शाळेत बदलीवर शिकवायचं काम मिळालं होतं. मुलं शुद्धलेखन लिहीत असली की त्याच्या कानात ते सगळं परत फिरायचं. ईरप्पांचं चुकलं कुठं, हे त्याला दाखवता येत नव्हतं. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही हेच जोडलं असतं. आमटीतलं तेल बघून त्याने जोडलं होतंच की.

मंद्रूपच्या बाजारादिवशी चंद्रव्वा त्याला शोधत शाळेच्या फाटकापाशी आली. डोक्यावर रिकामी बुट्टी.

"बोलावलंय, असं ते म्हणाले न्हाईत," ती म्हणाली.

"मग?"

"स्टूल धुऊन ठिवलंय."

कुंडलिक रविवारी गेला. स्टूल जुन्याच जागी होतं, उन्हात. आबासाहेबांचं इंजिन खोलीतून बाहेर कडुनिंबाखाली आलं होतं, वरचं झाकण काढून. ईरप्पा आणखी वाळले होते. त्यांनी ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. एक बोट इंजिनाच्या आत फिरवलं आणि कुंडलिकच्या नाकापुढे धरलं.

"वास घे."

बोटावर मधासारखं, तांबूस काहीतरी होतं. जुन्या कढईचा वास.

चारही सिलिंडरांत तेच होतं. तेल वाळून त्याची राळ झाली होती. पत्र्याखालच्या उन्हाने ती कढली होती आणि पिस्टन तिच्यात बसले होते, लाखेत बांगडीचे खडे बसतात तसे.

"मी सांगितलं हुतं," चंद्रव्वा आतून म्हणाली. "मोटंला लावत्यात म्हणून."

"गप," ईरप्पा म्हणाले. पण त्यात जोर नव्हता. मग कुंडलिककडे न बघता म्हणाले, "बस, बीए. राखणीला बस. मी काय काढतो, काय घालतो, नीट बघ. डोळा लागू देऊ नको."

कुंडलिक बसला. स्टूल जरा पुढे ओढून तो बघत राहिला.

पद्धत साधी होती. सिलिंडरात वरून रॉकेल भरायचं, मुरू द्यायचं. ते हळूहळू खाली उतरलं की समजायचं, वाट झाली. मग पिस्टनवर कडुनिंबाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकायचं. घाई केली तर पिस्टन फुटतो. रॉकेलसुद्धा ईरप्पांनी आधी चिंधीवर टाकून, पेटवून बघितलं. पाणी मिसळलेलं नाही अशी खात्री झाल्यावरच आत ओतलं.

पहिला पिस्टन त्या रविवारी सुटला. ठोकळ्याखाली कर्रकन आवाज झाला आणि ईरप्पांनी कानडीतून मोठ्याने आकडा म्हटला. वंदू, म्हणजे एक. कुंडलिकच्या समोर. दुसरा पुढच्या रविवारी. तिसऱ्याने फार छळलं. एकदा तर ईरप्पा ठोकळा टाकून उठले आणि परत येऊन बसले.

"चारी सुटले की आबासाहेबाला बोलवायचं," ते म्हणाले. "हँडल त्येच्याच हातात द्यायचं. बाकीचं मग ह्याच रीतीनं. जेऊरच्या डॉक्टराचं, कंत्राटदाराचं. सगळी खोलून धुवायची."

"खोली रिकामी हुईल तवर मी म्हातारी हुईन," चंद्रव्वा म्हणाली.

"हुयाची काय ऱ्हायलीस?"

ती हसली. कुंडलिकही हसला. ईरप्पांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, हे कशाला हसतात म्हणून.

तिसरा सुटला त्या संध्याकाळी त्यांनी चौथ्यात रॉकेल भरलं आणि त्यावर पोतं टाकलं. खोलीला कुलूप लावलं, ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं नाही. कुंडलिक मनगटावरचं घड्याळ बघत होता. ईरप्पांनी वेळ विचारली. त्याने सांगितली. ते बरं म्हणाले आणि हात धुवायला गेले. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी, पहाटे, ईरप्पा झोपेतच गेले. निरोप मंद्रूपला सकाळच्या एस्टीने आला. आबासाहेबही माती द्यायला आले होते. बाकीचे गेल्यावर ते कडुनिंबाखाली थांबले. इंजिनाकडे बघितलं, काही विचारलं नाही. जाताना टोपी हातात होती.

चंद्रव्वाने किल्ली कुंडलिकच्या हातावर ठेवली. करदोट्याचा काळा तुकडा तिला तसाच होता. तो इंजिनापाशी गेला आणि पोतं उचललं. कडुनिंबाचा ठोकळा काठावर होता, हातोडी त्याच्या शेजारी, तिच्यावर फडकं. तीन सिलिंडर कोरडे, स्वच्छ. चौथ्यात रॉकेल काठोकाठ होतं. त्या संध्याकाळी भरलं होतं तेवढंच. ते अजून खाली उतरलं नव्हतं.